दोरी, साप आणि धोत्र्याचं बी

गांजा, एलएसडी, धोतरा या सगळ्यांना आपण 'नशा' या एकाच शब्दात बसवून मोकळे होतो. डॉक्टर मात्र त्यांचे वेगवेगळे गट करतात. घरातलं माणूस अचानक भलतंच बोलू लागतं तेव्हा हा फरक जीव वाचवू शकतो. या फरकाच्या अभ्यासाचा एक मोठा धागा जातो तो थेट जुन्या कलकत्त्यात.

गोष्ट आहे १८३९ च्या आसपासची. कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज सुरू होऊन जेमतेम चारेक वर्षं झाली होती. तिथे रसायनशास्त्र शिकवायला विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचे तिशीच्या आतबाहेरचे एक आयरिश डॉक्टर होते. आपल्याकडचे लोक गांजा, भांग, चरस सर्रास वापरतात, वैद्य आणि हकीम ती औषध म्हणूनही देतात, मग विलायती वैद्यकाला त्याची दखल का नसावी, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी पंडित मधुसूदन गुप्तांसारख्या जाणकारांकडून जुन्या ग्रंथांतले उल्लेख समजावून घेतले. हे मधुसूदन गुप्त म्हणजे १८३६ साली याच कॉलेजात मानवी शवाचं विच्छेदन करून खळबळ उडवून देणारे वैद्य. मग ओशॉनेसींनी आधी जनावरांवर आणि नंतर माणसांवर प्रयोग केले.

एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला त्यांनी नेपाळी चरस दिला. अर्ध्या तासात ते पेंगू लागलं. मधूनच शेपटी हलवत होतं, जणू स्वारी अगदी तृप्त आहे. हाक मारली तर झोकांड्या खात येत होतं. सहा तासांनी ते पूर्ववत झालं. डुकरं, मांजरं, गिधाडं, कावळे, इतकंच काय मासेसुद्धा त्यांनी तपासले. गाय, घोडा, शेळी यांच्यावर मात्र फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

खरी गंमत पुढे आहे. कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी आपण होऊन हे औषध घेऊन पाहिलं. त्यातला एक अगदी लाजराबुजरा, वर्तनानं चोख मुलगा. त्याला गांजाच्या राळेच्या अर्काचे दहा थेंब दिले. वीस मिनिटांत तो खो खो हसत सुटला. दोन-तीन मिनिटं अंग ताठरलं. आणि मग स्वारी राजा झाली! दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागली. वर्गातल्या एकाही मित्राला तो ओळखेना. आपले विद्यार्थिदशेचे दिवस सरून कित्येक वर्षं लोटली आहेत, आपण देशोदेशी फिरलो, संपत्ती आणि सत्ता मिळवली, असं तो रंगवून सांगत होता. धर्म, विज्ञान, राजकारण अशा विषयांवर त्यानं असं वक्तृत्व गाजवलं की ओळखीचे लोक थक्क झाले. तीन तासांहून अधिक वेळ त्यानं ती भूमिका सोडली नाही. मग आला तसाच अंमल एकदम उतरला. ना डोकेदुखी, ना मळमळ.

ओशॉनेसींनी हे सगळं कौतुकानं लिहिलं, आणि वाचताना आपल्यालाही हसू येतं. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलगा डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, मात्रा मोजलेली होती आणि दिलेलं द्रव्य कोणतं हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आजच्या 'प्रयोग' करणाऱ्या मुलांजवळ या तीनांपैकी एकही गोष्ट नसते.

(जाता जाता सांगायला हवं, की हेच ओशॉनेसी पुढे आपल्या देशात तारायंत्राचं जाळं उभारणारे म्हणून प्रसिद्ध झाले. भारतात येण्यापूर्वी त्यांनी पटकीच्या रोग्यांच्या रक्ताचा अभ्यास केला होता, आणि शिरेतून सलाईन देण्याच्या कल्पनेला त्यातून दिशा मिळाली. एका माणसानं आयुष्यात किती गोष्टी कराव्यात!)

भ्रम वेगळा, भास वेगळा

अंधारात पडलेली दोरी साप वाटते, हे उदाहरण आपल्याकडे कीर्तनकारांपासून वेदान्ताच्या पंडितांपर्यंत सगळे देत आले आहेत. मनाला भुलवणाऱ्या द्रव्यांचं वर्गीकरण समजून घ्यायला यापेक्षा सोपी किल्ली नाही. दोरी आहे आणि ती साप वाटते, हा भ्रम. दोरीही नाही, काहीच नाही, तरी साप दिसतो, हा भास. आणि दोरी दोरीसारखीच दिसते, पण ती पाहणारा 'मी' कुठेतरी छताजवळ तरंगतोय असं वाटतं, हा तिसरा प्रकार. इंग्रजीत या सगळ्यांना 'हॅल्युसिनोजेन' असं सरसकट नाव पडलं आहे. पण डॉक्टरांच्या दृष्टीनं हे तीन स्वतंत्र गट आहेत आणि मेंदूतली त्यांची कुलुपंही वेगळी आहेत.

पहिल्या गटातलं सर्वांत गाजलेलं नाव एलएसडी. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन या रसायनतज्ज्ञानं ते १९३८ साली प्रथम तयार केलं. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीतल्या द्रव्यांवर तो काम करत होता. या बुरशीचं एक भावंड आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचं आहे. बाजरीच्या कणसावर आधी मधासारखा चिकट स्राव आणि मग काळपट खडे आणणारा अरगट रोग तो हाच. पेरणीआधी बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारं फेकून द्या, असं कृषी खातं सांगतं, ते यासाठीच. बाजरीच्या अरगटात एलएसडी नसतं, पण त्या पिठाच्या भाकरीनं उलट्या, घेरी आणि गुंगी येते.

तर हॉफमन. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यानं स्वतःवर प्रयोग करायचं ठरवलं आणि एका ग्रॅमचा चार हजारावा भाग एवढी मात्रा घेतली. त्याला वाटलं, एवढ्याशानं काय होणार! थोड्याच वेळात बोलणं कठीण झालं. युद्धाचा काळ, मोटार मिळेना, म्हणून मदतनिसाला सोबत घेऊन तो सायकलवरून घरी निघाला. घरात खुर्च्या-टेबलं अक्राळविक्राळ होऊन हलू लागली. शेजारीण दूध घेऊन आली, ती त्याला रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसली. आपल्याला वेड लागलं, आपण मरतोय, अशी त्याची खात्री झाली. डॉक्टरांनी तपासलं तर डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, याखेरीज काहीही वावगं नाही.

या हकिकतीतली शेजारीण खरोखर आलेली होती. खुर्च्याही खऱ्याच होत्या. मेंदूनं त्यांना भलतं रूप दिलं. म्हणजे दोरी होती, साप मनानं रंगवला. या गटातल्या बहुतेक द्रव्यांची हीच तऱ्हा आहे. रंग भडक होतात, भिंत श्वास घेतेय असं वाटतं, आवाजाला रंग येतो, पाच मिनिटं पाच तासांसारखी लांबतात. आणि बऱ्याचदा घेणाऱ्याला आतून ठाऊक असतं, की आपण काहीतरी घेतलं आहे म्हणून हे होतंय. मेक्सिकोतल्या निवडुंगातलं मेस्कलिन, विशिष्ट अळंब्यांतलं सायलोसायबिन, डीएमटी ही याच घराण्यातली. मेंदूत सेरोटोनिन नावाचा जो निरोप्या आहे, त्याची एक विशिष्ट जागा ही द्रव्यं बळकावतात. अंमल डीएमटीचा काही मिनिटं, सायलोसायबिनचा चार-सहा तास, एलएसडीचा आठ-बारा तास.

या गटातली द्रव्यं अफू किंवा हेरॉइनसारखी शरीराला जखडून ठेवत नाहीत, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून कोणी 'मग काय बिघडलं?' म्हणेल तर ते अर्धसत्य ठरेल. मनात आधीच भीती, निराशा असेल तर तोच साप गळ्याशी येतो. घाबरलेला मुलगा रस्त्यावर धावत सुटतो, गच्चीच्या कठड्यावर चढतो. ज्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, तिथल्या तरुणाला या द्रव्यामुळे तो आजार लवकर उफाळण्याचा धोका असतो. काहींना महिनोन् महिने दिव्यांभोवती वलयं, हलत्या वस्तूंमागे शेपटं दिसत राहतात.

आणखी एक धोका अलीकडचा. पोस्टाच्या तिकिटाहून लहान, चित्र छापलेल्या टीपकागदाच्या ज्या तुकड्यांना मुलं 'स्टँप' म्हणतात, त्यावर एलएसडीच असतं याची काय खात्री? त्या नावाखाली एन-बोम नावाची कृत्रिम रसायनं खपवली जातात. त्यांनी आकडी येते, ताप भडकतो, आणि जगात अनेक तरुण त्यामुळे दगावले आहेत. कागद तोच, चित्र तेच, आत काय आहे हे प्रयोगशाळेखेरीज कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या गटाबद्दल थोडक्यात. शरीरापासून 'मी' सुटा करणारी ही द्रव्यं मुळात भूल देण्यासाठी निघाली. केटामिन त्यातलं प्रमुख. १९६२ साली तयार झालेलं हे औषध आजही लहान रुग्णालयांत, अपघातस्थळी, आणीबाणीच्या शस्त्रक्रियेत लाखमोलाचं आहे, कारण त्यानं श्वास सहसा बंद पडत नाही. पण पार्ट्यांमध्ये त्याची पूड हुंगणाऱ्यांचं मूत्राशय पुढे असं आकसतं, की दर अर्ध्या तासाला धाव घ्यावी लागते आणि लघवीतून रक्त जातं. विशीतल्या मुलांना हे दुखणं होतं. आपल्याकडे २०११ साली केटामिन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं.

जिथे दोरीच नसते

आता तिसरा गट, आणि माझ्या मते आपल्या घरांशी सर्वांत जवळचा. तो विकत घ्यायला कुठल्या अंधाऱ्या गल्लीत जावं लागत नाही. उकिरड्यावर, रेल्वेच्या रुळाकडेला, शेताच्या बांधावर तो आपोआप उगवतो. पांढरं किंवा जांभळट कर्ण्यासारखं फूल, काटेरी गोल फळ. महाशिवरात्रीला आपण ते भक्तिभावानं महादेवाला वाहतो. कोलकात्यात निमतला घाटाजवळच्या भूतनाथाच्या देवळातही शंकराला धोतरा वाहतात.

धोत्र्याच्या पानाफुलांत, आणि बियांत तर फारच, ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही तीन जहाल द्रव्यं असतात. ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्याचीच ती वाट अडवतात. हा निरोप्या स्मरणाचा, भानावर असण्याचा आधार. तो थांबला की माणूस जागा दिसतो, पण शुद्धीत नसतो. घशाला कोरड, त्वचा लाल आणि तापलेली, बाहुल्या मोठ्या, लघवी अडलेली, नाडी धावती. आणि मग तो समोर नसलेल्या माणसाशी बोलू लागतो. मेलेल्या काकांना पाट मांडतो. अंगावरच्या कपड्यांतून, हवेतून अदृश्य दोरे उपसतो, नसलेल्या सुईत नसलेला दोरा ओवतो. न्यायवैद्यकाच्या आपल्या पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना हीच खूण शिकवली गेली आहे. हॉफमनची शेजारीण खरी होती. इथे शेजारीणच नसते. आणि 'आपण काहीतरी खाल्लंय, म्हणून हे दिसतंय' ही जाणीव तर उरतच नाही. उतरल्यावर बहुतेकांना काही आठवतही नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन इथे १६७६ साली बंड मोडायला आलेल्या काही शिपायांनी धोत्र्याच्या जातीची पानं भाजी म्हणून शिजवून खाल्ली. अकरा दिवस ते खुळ्यासारखे वागत होते, त्यांना कोंडून ठेवावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांना त्यातलं काही आठवेना. तिकडे या झाडाचं नावच त्या गावावरून पडलं.

पण धोत्र्याच्या विषाची सर्वांत सविस्तर चौकशी झाली ती पुन्हा कलकत्त्यातच. पुढे मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झालेले डॉ. नॉर्मन चेव्हर्स यांनी १८५६ साली बंगाल आणि वायव्य प्रांतांसाठी न्यायवैद्यकाचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पानंच्या पानं धोत्र्यावर आहेत. वाटसरूशी गोड बोलून ओळख काढायची, एकत्र स्वयंपाक करायचा, मिठाईत, पिठात किंवा हुक्क्याच्या तंबाखूत धोत्र्याचं बी मिसळायचं आणि तो बरळू लागला की गाठोडं घेऊन पसार व्हायचं, हा वाटमाऱ्यांचा धंदा होता. जीव घेण्याचा हेतू असो नसो, कित्येकांचा जीव जाई. वाचलेला माणूस साक्ष काय देणार? त्याला काही आठवतच नसे! गुन्हेगाराला याहून सोयीचं विष कोणतं?

प्रवासात अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नका, ही सूचना रेल्वे आजही करते. मुंबई-हावडा मेलनं जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकून कानाआड केली असेल. आता चोरांनी धोतरा बराचसा सोडून झोपेच्या गोळ्या धरल्या आहेत, पण युक्ती दीडशे वर्षांपूर्वीचीच आहे.

स्वयंपाकघरातही एक घोळ होऊ शकतो. धोत्र्याचं बी आणि मिरचीचं बी पहिल्या नजरेत सारखं वाटतं. नीट पाहिलं तर मिरचीचं बी फिकट पिवळं, पातळ आणि गोलसर असतं. धोत्र्याचं तपकिरी, जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं. (चव घेऊन खात्री करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.) शेतात धोतरा तण म्हणून वाढतो आणि मळणीत त्याचं बी धान्यात येऊ शकतं. २०१९ साली आफ्रिकेतल्या युगांडा देशात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठात याच जातीची विषारी द्रव्यं सापडली. सुमारे तीनशे माणसं आजारी पडली, काही दगावली. ती माणसं कोणती नशा करायला गेली नव्हती, लापशी खात होती.

त्याच धोत्र्यातलं ॲट्रोपीन डॉक्टरांच्या हातात संजीवनी होतं. कीटकनाशकाच्या विषबाधेवर ते मुख्य औषध आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. अशा रुग्णांना ॲट्रोपीन मोठ्या मात्रेत द्यावं लागतं, आणि ते शरीरात भरलं की रुग्ण बडबडतो, हवेत हात मारतो, उठून पळू पाहतो. नातेवाइकांना वाटतं, विष डोक्यात गेलं किंवा बाहेरची बाधा झाली. मग अंगारा-धुपारा सुरू होतो, कधी रुग्णाला उचलून न्यायची भाषा होते. तो औषधाचाच अंमल असू शकतो आणि मात्रा कमी केली की उतरतो, एवढं कोणी समजावून सांगितलं तर त्या माउलीच्या मनावरचं केवढं ओझं कमी होईल!

गांजाला बसवायचं कुठे?

बर्लिनचे विषतज्ज्ञ लुई लेविन यांनी १९२४ साली मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांचे पाच वर्ग पाडले. त्यातल्या भासमय जगात नेणाऱ्या वर्गात त्यांनी मेस्कलिनचा निवडुंग, गांजा आणि धोतरा एकत्र घातले होते. पुढे मेंदूतल्या जागा सापडत गेल्या तशी ही मोट सुटली. गांजातलं टीएचसी हे मुख्य द्रव्य १९६४ साली वेगळं काढण्यात आलं, आणि मेंदूत त्याची जागाही स्वतंत्र निघाली. म्हणून आज बहुतेक पुस्तकं गांजाला निराळ्या खोलीत बसवतात. मोठ्या मात्रेत तो काळाचं भान घालवतो, भ्रम दाखवतो, कोवळ्या वयात रोज ओढला तर मनाच्या गंभीर आजाराचा धोका वाढवतो. ओशॉनेसींचा 'राजा' आठवावा. पण धोत्र्याच्या पंक्तीला तो बसत नाही.

हे दोन एकत्र मोजल्यानं काय गोंधळ होतो, हे इंग्रज सरकारच्या लक्षात आलं होतं. गांजानं हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाल्यावर १८९३ साली एक आयोग नेमला गेला. कलकत्ता मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन हे त्याचे एक सदस्य. आयोगानं देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या, कलकत्त्यात माकडांना गांजाचा धूर देऊन प्रयोगही करवले. इस्पितळांच्या कागदांत 'वेडाचं कारण' या रकान्यात 'गांजा' असं ढिगानं लिहिलेलं होतं. चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी रुग्णाला आणणाऱ्या पोलिसानं किंवा कारकुनानं रकाना रिकामा राहू नये म्हणून ते लिहिलेलं निघालं! १८९२ सालच्या १३४४ रुग्णांपैकी शंभराहून कमी जणांच्या बाबतीत गांजाचा काही संबंध लावता आला. चिलमीत किंवा भांगेत धोत्र्याचं बी मिसळण्याची चालही आयोगानं नोंदवली. मग वेड गांजाचं की धोत्र्याचं, कोण सांगणार? होळीच्या भांगेबद्दल हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. लोट्यात नुसती भांगच आहे, की 'चढावी' म्हणून कोणी आणखी काही घोटलं आहे?

कायद्याची वर्गवारी आणखी वेगळी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात एलएसडी, मेस्कलिन, सायलोसायबिन बंदिस्त आहेत. गांजाचे शेंडे गुन्ह्यात येतात, पण नुसतं भांगेचं पान त्या व्याख्येबाहेर राहतं आणि राज्यांच्या नियमांवर सोपवलेलं आहे. धोत्र्याचं तर या कायद्यात नावही नाही. तो कोणाला चारला तर विषप्रयोगाचा गुन्हा होतो, एवढंच. एलएसडीच्या बाबतीत दोन मिलिग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण' आणि शंभर मिलिग्रॅमपासून 'व्यापारी प्रमाण' धरतात. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. मित्रांसाठी म्हणून ज्या मुलानं आपल्या नावावर पाकीट मागवलं, त्यालाच आधी उत्तर द्यावं लागतं. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला संरक्षण देण्याची तरतूद याच कायद्यात आहे, हे मात्र फार थोड्या पालकांना माहीत असतं.

केंद्र सरकारनं २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत भ्रमकारी द्रव्यं घेणाऱ्यांचं प्रमाण ०.१२ टक्के निघालं. शेकड्यात पाहिलं तर क्षुल्लक. पण आपल्या देशाची लोकसंख्या धरली तर हा आकडा लाखांत जातो.

कोलकात्यातल्या आणखी एका पाहुण्याचा उल्लेख इथे करायला हवा. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये तिथे काही महिने राहिला. सुनील गंगोपाध्याय, शक्ती चट्टोपाध्याय या तरुण बंगाली कवींबरोबर तो हिंडत असे. रात्री निमतला घाटावर साधूंच्या घोळक्यात गांजा ओढत बसे. अमेरिकेत असताना त्यानं एलएसडी, सायलोसायबिन सगळं घेऊन पाहिलं होतं, त्यातून साक्षात्कार होईल अशी त्याची आशा होती. भारतातून निघाल्यावर १९६३ च्या जुलैत जपानमध्ये आगगाडीत त्यानं एक कविता लिहिली. द्रव्यांतून दिव्य दर्शन मिळवण्याचा हट्ट सोडून तो स्वतःच्या शरीराकडे आणि माणसांकडे परतला, त्याची खूण म्हणून ती कविता ओळखली जाते. आपल्याकडची काही मुलं त्याचा चिलमीतला फोटो तेवढा पाहतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही वर्षांपासून सायलोसायबिनचे प्रयोग औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यावर चालू आहेत. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते देण्याची मुभा दिली. केटामिनच्या जातीचं नाकात मारायचं औषध अमेरिकेत २०१९ साली मान्य झालं. हे उपचार आधी रुग्णाची निवड करून, शेजारी तज्ज्ञ बसवून होतात. ओशॉनेसींच्या वर्गातलीच शिस्त ती.

घरात असं घडलं तर

मुलगा किंवा मुलगी विचित्र वागू लागली, तर आधी आवाज खाली आणा. रागावण्याची वेळ उद्या आहे. मोठे दिवे, टीव्ही, गर्दी बंद करा. नावानं हाक मारा. "मी कोण? आपण कुठे आहोत?" असं विचारा. तो घाबरलेला असला, तरी बरोबर उत्तर देत असेल, "मला काहीतरी होतंय" म्हणत असेल, तर त्याच्याजवळ शांतपणे बसा, एकटं सोडू नका, खिडकी-गच्चीचं दार लावा, आणि डॉक्टरांना कळवा.

पण उत्तर भलतंच येत असेल, नसलेल्या माणसाशी बोलणं चालू असेल, अंग तापून कोरडं पडलं असेल, किंवा आकडी आली, छातीत धडधड असह्य झाली, तर वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा. भांग चढल्यावर आपण लिंबू-लोणचं देतो, तसले उपाय इथे करू नयेत. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काहीही घालणं, बोटं घालून ओकायला लावणं धोक्याचं आहे, कारण ते श्वासनलिकेत जातं. धोत्र्याचा अंमल दोन-दोन दिवस टिकू शकतो, म्हणून 'जरा झोपला की बरं वाटेल' म्हणून थांबू नये.

मदतीसाठी केंद्र सरकारचे दोन निःशुल्क फोन क्रमांक आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि अमली पदार्थांबाबत १९३३. आणि रुग्णालयात जाताना खोलीत सापडलेलं पाकीट, कागदाचा तुकडा, फळ, बी, उरलेलं खाणं, जे असेल ते पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टर दोन गोष्टी आधी विचारतील: काय घेतलं, आणि किती वाजता. त्याच्या मित्रांना फोन करून, ओरडा न करता, त्यांच्याकडून तेवढं काढून घ्या.